आईचा रकाना

महिपतीमामांच्या अंगावर ती घोंगडी दिसली तेव्हा माझ्या हातात दुधाची किटली होती, आणि आठ दिवसांचं मौन सुटून अजून तासही झाला नव्हता. दूधवाला आला म्हणून मी फाटकापाशी गेले होते. महिपतीमामा आमच्या कॉन्व्हेंटचे वॉचमन. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं टॉवेलच्या मागांवर काढली, छातीत धागे भरले, मालकानं घरी बसवलं, तेव्हापासून आमच्या फाटकावर. थंडीनं गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत बसले होते, अंगभर काळी घोंगडी, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा लाल लोकरीचा रफू. वेडावाकडा, एका बाजूला आवळलेला. तो मी केला होता. नऊ वर्षांची असताना, बोर्डिंगातल्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून, कारण झोपेत लाथ मारून मीच ती घोंगडी चुलीतल्या निखाऱ्यांवर ढकलली होती. असा रफू जगात दुसरा असणं शक्य नाही. मी किटली खाली ठेवली आणि तो कोपरा हातात धरून बघितला. मेंढराचा वास आला.

"मामा, ही कुठनं आली?"

"मोठ्या सिस्टरनी दिली की. खोकला लई हाय म्हणल्या तुमाला, घ्या पांगरायला. ऊब लई बगा हिला."

"त्यांच्याकडं कुठनं आली?"

"तुमच्या गावाकडचा मानूस आला हुता. मंगळवेढ्याचा. धनाजी का काय नाव. आई गेली म्हणं त्याची, तिनं तुमास्नी द्या म्हणून सांगिटलं हुतं." मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "तुमास्नी सांगिटलं न्हाय व्हय कुणी?"

मी विचारलं, कधी. सहा दिवस झाले, ते म्हणाले. शनिवारी. बाई त्याच्याआधी दोन दिवस गेलेली, म्हणजे आमचं मौन सुरू झालं त्याच गुरुवारी. तीस तारखेला दहावा, सुकन्याला तेवढं यायला सांगा, असं तो दोनदा बोलला. आज एकोणतीस. मामा सांगत होते आणि मला त्यांचं बोलणं थांबवायचं होतं, पण ते चांगले गृहस्थ, अर्धवट काही ठेवत नाहीत. "तुमी हितनंच गेलात की त्या टायमाला. ह्या वाटंनं. जपमाळ हातात हुती. त्यो हितं फाटकाच्या आत हुबा. हाक मारू का म्हणला मला. मोठ्या सिस्टरनी नको म्हणलं हुतं. मंग नुसता बगत हुबा ऱ्हायला."

आणि मला ते पाय आठवले. मी ते पाय पाहिले होते. आमच्या वार्षिक साधनेत बोलायचं नसतं, फोन नसतो, आणि नजर खाली ठेवायची असते, चार हात पुढच्या जमिनीवर, म्हणजे मन इकडंतिकडं धावत नाही. शनिवारी अकरा वाजता बागेच्या वाटेवरून जाताना त्या चार हातांत दोन पाय आले होते. टायरच्या तळाच्या चपला, टाचा फुटलेल्या, नखांत काळी माती. मी मनात म्हणाले, दवाखान्यात औषधाला कोणी आलं असेल, आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं, की मी मान वर केली नाही. पाच वर्षांपूर्वी केली असती. तो माझा दूधभाऊ. एका छातीला दोघं प्यालो. त्याच्या समोरून मी डोळे खाली घालून गेले, आणि त्याला वाटलं असेल, सुकन्यानं ओळख दिली नाही. वाटलंच असेल. मला त्याच्या जागी तसंच वाटलं असतं.

धनाजीची आई बाळाबाई माझी कोण, हे कागदावर सांगता येत नाही, आणि सगळा घोळ तिथंच आहे. मला जन्म देणारी मार्था. मी वीस दिवसांची असताना ती गेली. आमच्या वस्तीला आम्हां ख्रिस्ती लोकांची पाच घरं, आणि ओढ्याच्या कडेला धनगरांची. बाळाबाईच्या मांडीवर तेव्हा तीन महिन्यांचा धनाजी होता. तिनं मला उचललं आणि दुसऱ्या बाजूला लावलं, झालं, एवढीच माझ्या संगोपनाची कथा. बाप, शहाजी, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर; अकलूजला ऊस वाहायला गेला आणि तिथंच दुसरं लग्न करून राहिला. दर महिन्याला मोटरसायकलवरून फादर यायचे, शाळेच्या खोलीत मिस्सेची प्रार्थना व्हायची, तर बाळाबाई मला न्हाऊमाखू घालून, तेल चोपडून तिथं न्यायची आणि स्वतः बाहेर चपलांपाशी बसायची. तुज्या आईचा देव हाय, तिकडं पाठ करायची न्हाय, म्हणायची. सात वर्षांची झाले तेव्हा तिनंच मला सोलापूरला सिस्टरांच्या बोर्डिंगात घातलं. वर्षातले आठ महिने ती मेंढरांमागं हिंडणार, पोरगी कधी शिकायची. धनाजीला नाही घातलं. हे मला फार उशिरा उमगलं, की त्याला नाही घातलं.

दूध घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, ते गॅसवर ठेवलं आणि उतू जाऊ दिलं. मौन सुटलं म्हणून सगळ्याजणी खिदळत होत्या. आठ दिवसांचं साठलेलं बोलणं बाहेर पडत होतं, कोणाला चॅपलमध्ये डुलकी लागली, कोणाचं पोट नेमकं प्रार्थनेत गुरगुरलं. दरवर्षी हा मला सगळ्यांत गोड तास वाटतो. पूनम माझ्याबरोबरची, अकलूजची, आम्ही एकाच दिवशी पहिली व्रतं घेतली. ती उतू गेलेलं पुसायला धावली आणि माझ्याकडं बघून तिचा चेहरा पडला. मी तिला काही विचारलंही नव्हतं. "मी त्यांना चहा दिला," ती म्हणाली. "शनिवारी स्वयंपाकाची पाळी माझी होती. ते पाहुण्यांच्या पार्लरमध्ये सिस्टरना सांगत होते ते ऐकू आलं." मी म्हटलं, सहा दिवस तू माझ्या शेजारी जेवलीस. तिनं मान हलवली. "एक चिठ्ठी टाकायचीस." ती हळूच म्हणाली, साधनेत चिठ्ठी लिहायची नसते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याची चीड आली. मला कोणाच्याच डोळ्यांत पाणी नको होतं, मला कोणीतरी माझ्याशी भांडायला हवं होतं.

आमच्याकडं भांडत नाहीत. नऊ वर्षांत मी इथं कोणाचा चढलेला आवाज ऐकलेला नाही. आमच्या सुपिरियर, म्हणजे मामांच्या मोठ्या सिस्टर, सिस्टर एमेरेन्सिया, संगमनेरकडच्या, साठी ओलांडलेल्या, मुंगीलाही बाजूला हो म्हणतील अशा. मी त्यांच्या ऑफिसात गेले तर त्यांनी आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग माझा हात हातात घेतला. मला आधी राग सांगायचा होता आणि तो हात त्यांनी धरून ठेवला होता.

"तुझी साधना मोडायची नव्हती मला, सुकन्या. आज नाश्त्यानंतर सांगणारच होते. तुला फाटकावर कळायला नको होतं, ते माझं चुकलं."

"शनिवारी सांगायला हवं होतं, सिस्टर."

"नियम सगळ्यांना एकच आहे. साधनेत निरोप द्यायचा तो आई, वडील, सख्खी भावंडं, एवढ्यांचाच. मागं सिस्टर लीनाचे काका गेले तेव्हा तिलाही नवव्या दिवशी सांगितलं. मी फाईल उघडून बघितली गं, मला वाटलं कुठं काही सापडेल. आई, मयत. वडील, ते तर तीन वर्षांपूर्वी. बाळाबाई हे नाव फाईलमध्ये कुठंच नाही."

मी म्हणाले, तिनं मला दूध पाजलंय. त्या म्हणाल्या, हो, तो मुलगा तसं म्हणाला. देव तिला त्याचं फळ देईल. मी म्हणाले, उद्या दहावा आहे, मला जाऊ द्या, आज संध्याकाळच्या एसटीनं जाते, परवा परत येते. त्यांनी माझा हात सोडला आणि टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली. मंगळवारी, दोन तारखेला, आमच्या व्रतांचं नूतनीकरण होतं. आम्हां तरुण सिस्टरांची व्रतं एकेका वर्षाची असतात, दरवर्षी नव्यानं घ्यायची, आणि माझं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी कायमची. "साधनेतून उठलीस आणि लगेच त्या सगळ्यात जायचं? आणि तो विधी आपला नाही. ती बाई, कितीही चांगली असली तरी, आपल्यातली नव्हती. इथं तिच्यासाठी मिस्सा अर्पण करू. प्रभूनंही विचारलं होतं की माझी आई कोण. सगळं सोडूनच आपण आलो ना."

"आणि गेलेच तर?"

"मी तुला कोंडून नाही ठेवणार. पण विनापरवानगी गेलीस, तर मंगळवारी व्रतांसाठी तुझं नाव वाचा असं मी वरच्या प्रोव्हिन्शियल सिस्टरना सांगू शकणार नाही. हे मी रागानं नाही बोलत."

तेच तर. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या क्षणी बापाचं मरण आठवत होतं. शहाजी गेला तेव्हा मला पाच दिवसांची रजा मिळाली होती, न मागता. कॉन्व्हेंटची जीप, बरोबर दोन सिस्टर, झेंडूचा हार, फादर. आयुष्यात मी त्या माणसाला मोजून सात वेळा पाहिलं होतं. त्याच्या बायकोनं मला ओळखलं नाही, मीच नाव सांगितलं. पाच दिवस मी अकलूजला एका परक्या घरात बसून चहा पीत होते, आणि सगळे म्हणत होते, सिस्टर किती शांत आहे, किती श्रद्धा आहे तिची. श्रद्धा कसली आलीय डोंबलाची. मला काही झालंच नव्हतं. बाळाबाई त्या तिसऱ्या दिवशी मंगळवेढ्याहून दोन एसट्या बदलून तिथं आली, लांब उभी राहिली, मला एकदा वरून खाली बघितलं, जेवतीस ना म्हणाली आणि गेली.

दुपारी माझ्याकडं चॅपलच्या कापडांचं काम होतं. मिस्सेत फादर प्याला पुसतात ते छोटे रुमाल धुवायची एक पद्धत आहे. आधी एका तसराळ्यात भिजवायचे, आणि ते पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्या कापडाला प्याल्यातल्या द्राक्षारसाचा, म्हणजे प्रभूच्या रक्ताचा अंश लागलेला असू शकतो, म्हणून ते झाडाच्या बुंध्याशी मातीत ओतायचं. मग साबण, मग नीळ, मग तीन घड्या. सोलापुरात नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेव्हा आठवडाभराचे रुमाल एकाच वेळी काढावे लागतात. मला हे काम आवडायचं. खरंच आवडायचं, आजही कोणी विचारलं तर नाही म्हणणार नाही. एका थेंबाचीही हेळसांड होऊ नये म्हणून एवढी काळजी घेणारी माणसं जगात आहेत आणि मी त्यांच्यातली आहे, याचा मला अभिमान होता. आज रुमाल चोळता चोळता मी थांबले. थेंबाची काळजी आहे. दिसतही नाही असा थेंब, असेल किंवा नसेल, त्याच्यासाठी शेवग्याच्या बुंध्यापर्यंत चालत जायचं. आणि फाटकात उभा राहिलेला जिता माणूस, आईचा निरोप घेऊन पंचावन्न किलोमीटर आलेला, त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. मी तसराळं उचललं आणि मोरीशी नेलं. ओतणार होते. शपथ सांगते, कडेपर्यंत वाकडं केलं होतं. मग माझे पाय आपोआप शेवग्याकडं गेले आणि मी पाणी बुंध्याशीच ओतलं, आणि स्वतःवर इतकी चिडले की तसराळं तिथंच आपटलं. नऊ वर्षांत हे लोक माझ्या पायांतसुद्धा शिरले होते.

आणि तू. मी प्रभूशी अशीच बोलते, आतल्या आत, सगळ्या सिस्टर बोलतात, फक्त सगळ्या एवढ्या वाईट शब्दांत बोलत नसतील. सहाव्या दिवशी साधनेत चिंतनाला काय दिलं होतं, आठवतंय तुला? क्रुसाखाली उभी असलेली तुझी आई. तू मरता मरता तिला एका मित्राच्या हाती सोपवलंस, आजपासून ही तुझी आई असं त्याला सांगितलंस. रक्ताचं नातं नाही, कुठल्या वहीत नोंद नाही, आणि त्यानं तिला घरी नेलं. तासभर मी डोळे मिटून त्यावर बसले होते. मला रडूही आलं होतं, गोड रडू, साधनेतलं. तेव्हा बाळाबाई जाऊन पाच दिवस झाले होते, तुला माहीत होतं, सिस्टरना माहीत होतं, पूनमला माहीत होतं, महिपतीमामा तिची घोंगडी पांघरून खोकत होते. तू काय माझी चेष्टा करत होतास? एक शब्द बोलला असतास. एरवी म्हणे तू हृदयात बोलतोस. आठ दिवस मी तोंड मिटलं ते तुझं ऐकायला यावं म्हणून, आणि तू नेमका त्या आठ दिवसांत मूग गिळून बसलास.

बाळाबाई तुला जावई समजायची. मी पहिली व्रतं घेतली तेव्हा तिला कोणीतरी सांगितलं की सिस्टर म्हणजे देवाशी लग्न लागलेली बाई. तिनं ते शब्दशः घेतलं. त्यानंतर दरवर्षी एकदा, सुगी झाली की, ज्वारीचं गाठोडं घेऊन यायची. पार्लरमधल्या सोफ्यावर बसायची नाही, भिंतीला टेकून खाली. तिच्या अंगाला मेंढरांचा वास, कोणी ना कोणी सिस्टर हसत हसत येऊन खिडकी उघडून जायची. बाळाबाई इकडंतिकडं बघून घ्यायची आणि मग आवाज खाली आणून मला विचारायची, "तुजा देव तुला नीट बगतो का?" मी हसायचे. बघतो की, म्हणायचे. "न बगल तर सांग. मी हाय." आणि गाठोडं सोडून ज्वारी ओटीत घालायची, ती मी नियमाप्रमाणे तशीच उचलून सिस्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. घरून येईल ते सगळ्यांचं. भाकऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाल्या. घोंगडीही त्याच नियमानं गेली, ज्याला गरज त्याला. यात कोणाला नावं ठेवायची? सिस्टर एमेरेन्सियांनी एका म्हाताऱ्याच्या अंगावर पांघरूण घातलं, हे पुण्यच की. हेच मला सहन होत नव्हतं, की सगळ्यांनी बरोबरच केलं होतं.

इस्त्री करताना मात्र मला तो फॉर्म आठवला, आणि मग बाकी सगळ्यांवरचा राग एका जागी येऊन बसला. अठरा वर्षांची होते. प्रवेशाच्या दिवशी आम्हां सहाजणींना हॉलमध्ये बसवून छापील फॉर्म दिले. वडिलांचे नाव, हयात की मयत. आईचे नाव, हयात की मयत. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर असेल तसं लिहा, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. खाली चार ओळी मोकळ्या होत्या, इतर माहिती, संगोपन कोणी केले असल्यास. मी आईच्या रकान्यात मार्था लिहिलं, पुढं मयत लिहिलं, आणि त्या चार ओळी मोकळ्या सोडल्या. खिडकीतून बाहेरचा व्हरांडा दिसत होता. बाकीच्या पोरींच्या आया बाकांवर बसलेल्या, इस्त्रीच्या साड्या, हातात पर्स, कोणी शिक्षिका, कोणी नर्स. बाळाबाई पायरीवर पोतं अंथरून बसली होती आणि तंबाखू मळत होती. शेजारच्या पोरीनं मला विचारलं, ती बाई कोण गं? आमच्या गावची आहे, मी म्हणाले, सोबतीला आली. विसरायला झालं, घाई होती, सिस्टरनीच दाखल्याप्रमाणं लिहायला सांगितलं, अशी नऊ वर्षं मी त्या मोकळ्या ओळींवर पांघरूण घातलं होतं. मला तिची लाज वाटली होती. तेवढंच. सिस्टर एमेरेन्सियांनी फाईल उघडून शोधलं, त्यांना काहीतरी सापडावं असं वाटत होतं, आणि तिथं माझ्या अक्षरात माझी आई मेलेली होती.

पाच वाजता घंटा झाली. शुक्रवारी पाचला आमच्याकडं दोषांगीकार असतो. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात. सगळ्याजणी चॅपलमागच्या खोलीत गोल बसतो, एकेकीनं मध्ये येऊन गुडघे टेकायचे आणि आठवड्यातला आपला एखादा दोष सांगायचा. पाप नव्हे, ते फादरांना सांगायचं. हे साधे, उघड दोष. कारणं द्यायची नाहीत, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि बाकीच्यांनी एक शब्द बोलायचा नाही. सुपिरियर छोटंसं प्रायश्चित्त देतात, दोनतीन प्रार्थना, आणि उठायचं. त्यावर नंतरही कोणी बोलत नाही. पूनम गेली, म्हणाली दार जोरात लावलं. तिचा आवाज चिरकत होता आणि खरा दोष दाराचा नव्हता हे आम्हां दोघींना ठाऊक होतं. एकीनं भात करपवला होता. एक प्रार्थनेला उशिरा आली होती. माझी पिशवी खोलीत भरलेली होती, एक साडी आणि टॉवेल, आणि तरीही त्या क्षणापर्यंत मी जाणार की नाही हे मला माहीत नव्हतं. मंगळवारी नाव वाचलं गेलं नाही तर मी कोण? सत्तावीस वर्षांची बाई, नावावर काही नाही, मेंढरं राखायलाही विसरलेली. मला हे आयुष्य हवं होतं. कोणाला वाटेल मी त्याला कंटाळले होते म्हणून निमित्त शोधलं, तर तसं अजिबात नव्हतं. पहाटेचं चॅपल, दवाखान्यात मागावरच्या बायकांच्या बोटांना पट्ट्या बांधणं, शेवग्यापर्यंतचं ते चालणं, मला हे सगळं मरेपर्यंत हवं होतं.

माझी पाळी आली. मी मध्ये जाऊन गुडघे टेकले. फरशी गार होती.

"देवापुढं आणि तुम्हां भगिनींपुढं कबूल करते," मी म्हणाले, "की नऊ वर्षांपूर्वी प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात मी मयत असं लिहिलं. ते खोटं होतं. माझी आई तेव्हा बाहेर पायरीवर बसली होती. तिचं नाव बाळाबाई. धनगर आहे, मेंढरं राखते. मला तिची लाज वाटली, म्हणून लिहिलं नाही. त्यामुळं ती गेल्याचा निरोप मला सांगायचा की नाही हे ठरवणाऱ्यांची चूक झाली. ती चूक माझी आहे." कोणाची तरी खुर्ची करकरली. मला वाटलं होतं इथं मला रडू येईल, पण आवाज उलट घट्ट होत गेला. "गेल्या गुरुवारी ती वारली. म्हणजे फॉर्म आता बरोबर आहे, बदलायची गरज नाही. आईच्या मरणाला आपल्याकडं पाच दिवस मिळतात. मी परवानगी मागत नाही आहे. दोष सांगते आहे."

मी सिस्टर एमेरेन्सियांकडं बघितलं, नजर खाली ठेवायची असते तरी बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं त्या क्षणी त्यांना उठून माझ्याजवळ यायचं होतं, आणि कदाचित मला थांबवायचंही होतं, पण या खोलीत प्रायश्चित्ताशिवाय काही बोलायचं नाही हे त्यांनीच आम्हांला शिकवलं होतं. चाळीस वर्षांची सवय त्यांच्याही पायांत शिरलेली. "तीन नमो मरिया," त्या म्हणाल्या. आवाज फुटलेला होता. मी उठले, पिशवी घेतली आणि बाहेर पडले. जा असं त्यांनी म्हटलं नाही, जाऊ नकोस असंही नाही, आणि मंगळवारी काय होईल हे मला सांगता येत नव्हतं.

फाटकापाशी ऊन उतरलं होतं आणि वारं गार सुटलं होतं. एमआयडीसीतली पाळी सुटलेली, सायकली आणि मोटरसायकली रस्त्यानं चालल्या होत्या. महिपतीमामांनी माझी पिशवी बघितली. उभे राहिले, अंगावरची घोंगडी काढली, नीट चौघडी घातली, लाल रफूचा कोपरा वर येईल अशी, आणि पुढं केली. त्यांच्या अंगात नुसता विरलेला सदरा होता. काढता काढताच त्यांना खोकल्याची उबळ आली.

"घिऊन जावा," ते म्हणाले. "तुमचीच हाय."

नऊ वर्षांत मी शिकले होते की अशा वेळी काय म्हणायचं. राहू द्या मामा, तुम्हांला थंडी आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि मी ते म्हटलं नाही. मी घोंगडी घेतली. ते दोन्ही हात काखेत घालून उभे होते आणि मी त्यांच्यासमोर ती उलगडून माझ्या राखाडी साडीवरून खांद्यांवर घेतली. खरबरीत, जड, मेंढरांच्या वासाची. फाटकाची कडी मीच काढली.

रस्ता ओलांडून रिक्षाची वाट बघत उभी राहिले तेव्हा पहिली नमो मरिया म्हणायला घेतली, आणि मध्येच बाळाबाई माझ्या कानाशी वाकली, पार्लरच्या भिंतीला टेकून बसायची तशी, इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून. तुजा देव तुला नीट बगतो का? पाच वर्षं मी तिला एकच उत्तर दिलं होतं. आज माझ्याकडं दुसरं होतं, अगदी ओठांवर होतं, आणि विचारायला ती नव्हती.